डोंगराची आगोट

२० जानेवारी २०२४ रोजी, शनिवारी सकाळी, स्की-टेकडीवर चढवणाऱ्या दोरावरची आमची खुर्ची अकराव्या खांबाच्या जरा पुढे जाऊन थांबली. खाली वीस-पंचवीस फुटांवर उतार होता, शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी बसली होती आणि हवा उणे नऊ अंश सेल्सिअसवर होती. चेअरलिफ्ट मधूनमधून थांबते, त्यात नवल काही नाही. पायथ्याशी खुर्चीत बसताना कोणी अडखळले, कोणाची काठी अडकली, की तिथला माणूस बटण दाबतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात दोर पुन्हा चालू होतो. त्या दिवशी मात्र पाच मिनिटे झाली, दहा झाली, खुर्ची वाऱ्याने हेलकावे खाऊ लागली आणि पुढच्या-मागच्या खुर्च्यांवरचे बोलणे हळूहळू बंद पडले. मी मुलीचे हातमोजे काढून तिचे हात माझ्या काखेत धरले आणि तिला मागच्या खांबावरच्या कप्प्या मोजायला सांगितले. तिने मान वळवून मोजल्या आणि म्हणाली, "आई, आठ आहेत, पण एकीचं रबर फाटलंय." मी पाहिले तर खरेच होते, त्या कप्पीखालच्या बर्फावर रबराची काळी भुकटी पडलेली दिसत होती.

पंचवीस मिनिटांनी वरच्या यंत्रघरातून काळा धूर निघाला आणि डिझेलचा वास आला. विजेची मोटर सोडून आणीबाणीचे इंजिन जोडले गेले होते. मग दोर मुंगीच्या पावलांनी, थांबत थांबत सरकू लागला आणि उरलेले तीन खांब ओलांडायला आणखी वीस मिनिटे लागली. वर उतरलो तेव्हा स्की पॅट्रोलच्या, म्हणजे उतारावरच्या मदतपथकाच्या, एका तरुणीने मुलीच्या खांद्यांवर घोंगडी टाकली. तिचा चेहरा ओशाळलेला होता आणि चूक तर तिची मुळीच नव्हती.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. गेली चौदा वर्षे आम्ही अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या दक्षिण भागात राहतो आणि त्यांतली नऊ वर्षे घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका लहान स्की-टेकडीचा हंगामी पास घेतो. तिचे नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते या भागातल्या कितीतरी लहान टेकड्यांना लागू आहे. तीन लिफ्ट, वीसेक उतार, पायथ्याशी एक तळे आणि लाकडी उपाहारगृह, एवढाच तिचा पसारा. शाळेच्या मुलांना इथे बुधवारी स्वस्तात शिकवतात. माझी मुलगी इथेच पहिल्यांदा स्कीवर उभी राहिली, आणि चाळिशीला टेकलेली मीही. त्या हिवाळ्याबद्दल मला जे वाटते त्यात राग आहे, पण तो घरच्या माणसाचा राग आहे.

कोकणात वाढलेल्या माणसाला आगोट समजावून सांगावी लागत नाही. पाऊस जूनमध्ये येतो, पण त्याचे काम एप्रिल-मेमध्ये चाललेले असते. कौले चाळायची, फुटकी बदलायची, पडवीला झडी बांधायच्या, लाकडे कोरडी असतानाच माळ्यावर चढवायची, मीठ-मिरचीची बेगमी करायची. मृगाचा पहिला सडाका आल्यावर जो शिडी शोधतो, त्याचे घर गळते. माझे आजोबा अंगणात उभे राहून एकेक कौल उजेडाकडे धरून पाहत आणि तडा दिसला की निमूटपणे बाजूला ठेवत. स्कीच्या डोंगरालाही आगोट असते, फक्त ती उन्हाळ्यात आणि शरदात येते. त्या टेकडीवर ती पाळली गेली नाही आणि पुढे जे जे बिघडले ते सारे त्यातून निघाले, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी बर्फाचे सांगते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे आमच्या या ईशान्य अमेरिकेत, केवळ आभाळातून पडणाऱ्या बर्फावर हंगाम चालवणे आता जवळजवळ अशक्य आहे, म्हणून बर्फ तयार करावा लागतो. ही युक्तीही याच भागातली. १९४९-५०चा हिवाळा कोरडा गेला आणि कनेक्टिकटमधल्या मिलफर्ड गावात स्की बनवणाऱ्या तीन तंत्रज्ञांचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी १९५० मध्ये कॉम्प्रेसर, बागेची नळी आणि रंग फवारण्याची तोटी जोडून पाण्याचा फवारा थंड हवेत सोडला आणि खाली बर्फ पडला. आजच्या स्नोगनचे, म्हणजे बर्फाच्या तोफेचे, तत्त्व तेच आहे. दाबाखालच्या हवेबरोबर सुटलेल्या अतिबारीक थेंबांचे आधी स्फटिक होतात, मग मोठे थेंब त्या स्फटिकांना चिकटून गोठतात, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांना गोठायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून तोटी उंच खांबावर बसवतात किंवा मोठ्या पंख्याने फवारा दूर फेकतात.

यात खरी अडचण थंडीची असते, आणि तीही साध्या तापमापीवर दिसणाऱ्या थंडीची नव्हे. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळले तर बाष्पीभवनामुळे ती आणखी खाली उतरते. त्या आकड्याला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात आणि बर्फ करणारी माणसे फक्त त्याच्याकडे पाहतात. माठातले पाणी कोरड्या वैशाखात गार पडते आणि श्रावणात पडत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे लगेच कळेल. हवा शून्य अंशावर असेल आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओल्या बल्बचे तापमान उणे चारच्या आसपास जाते आणि काम सुरू करता येते. पण हवा उणे एक अंशावर असूनही धुक्याने भरलेली असेल, तर रात्रभर तोट्या चालवून सकाळी उताराला फक्त ओला गिलावा मिळतो. साधारण उणे दोन-अडीचच्या खाली काम जमते आणि उणे सहा-सातच्या खाली खरी बरकत येते. अशा रात्री नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या मिळतात.

आणि पाणी तर प्रचंड लागते. एक एकर उतारावर एक फूट जाडीचा थर द्यायचा तर सुमारे सहा ते साडेसात लाख लिटर पाणी डोंगरावर चढवावे लागते. म्हणजे त्या मोजक्या रात्री पंप पूर्ण ताकदीने चालले, तरच उताराला अंग धरते.

२०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशा चार चांगल्या रात्री आल्या. आमच्या टेकडीच्या तळ्यावर दोन पंप आहेत. त्यांतला मोठा पंप तेव्हा जागेवर नव्हता. त्याची सील एप्रिलपासूनच गळत होती हे सगळ्यांना ठाऊक होते, पण तो दुरुस्तीला गेला ऑक्टोबरमध्ये, आणि या भागातल्या प्रत्येक टेकडीला तेव्हाच दुरुस्ती आठवत असल्यामुळे कारखान्यात रांगेत पडून राहिला. चार रात्री एकटा लहान पंप चालला. दोन उतारांवर जेमतेम वीतभर बर्फ झाला.

त्यानंतर १८ डिसेंबरचे वादळ आले. व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि मेन या तिन्ही राज्यांत त्या दिवशी मुसळधार पाऊस झाला, नद्यांना पूर आले आणि डोंगरांवरचा बर्फ वाहून गेला. हे कोणाच्याच हातात नव्हते. तो अख्खा हिवाळा अमेरिकेच्या सलग भूभागावर नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. परंतु तोफेचा बर्फ ताज्या नैसर्गिक बर्फाहून कितीतरी घट्ट असतो. ताज्या बर्फाचा घनमीटर बरेचदा १०० किलोच्या आत भरतो, तर तयार केलेल्या बर्फाचा ४०० किलोच्या पुढे जातो. त्यामुळे त्याचा तीन-चार फुटांचा थर एका पावसाने मरत नाही. तो झिजतो, वरून चोपला जातो आणि टिकतो. ज्या टेकड्यांनी नोव्हेंबरच्या रात्री पदरात पाडून घेतल्या होत्या, त्या नाताळच्या सुट्टीत चालू होत्या. आमच्याकडे हिरवे-तपकिरी गवत उघडे पडले आणि वर्षातला कमाईचा सर्वांत मोठा आठवडा बुडाला. लहान टेकडीला असा आठवडा बुडणे म्हणजे शेतकऱ्याचे खळ्यावरचे पीक भिजण्यासारखे आहे.

जानेवारीच्या मध्याला एकदाची थंडी पडली आणि मोठा पंपही परत आला. १७ तारखेच्या रात्री मी परवानगी घेऊन बर्फ करणाऱ्यांच्या पाळीबरोबर डोंगरावर गेले. त्यांचा मुकादम साठीचा आहे, तीस वर्षे हेच काम करतो. तो प्रत्येक तोटीच्या फवाऱ्याखाली जाऊन उभा राहायचा, हात आडवा धरायचा आणि अंगरख्याच्या बाहीवर पडणारे कण दिव्याच्या उजेडात पाहायचा. कण बाहीवर आपटून उडाले तर बर्फ कोरडा, चिकटून राहिले तर बरा, आणि बाहीवर काचेसारखा लेप चढू लागला तर पाणी जास्त. मग तो वाकून झडप पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा हात धरायचा. मी माझी बाही धरून पाहिली. माझ्या डोळ्यांना तिन्ही वेळा सारखेच दिसले आणि त्याने तिन्ही वेळा वेगळे सांगितले.

पहाटे दोनच्या सुमारास वीज क्षणभर गेली आणि पंप थांबले. तेव्हा त्या माणसांची जी धावपळ झाली ती मी विसरणार नाही. नळातले पाणी वाहते आहे तोवर गोठत नाही. थांबले की उणे बारा अंशांत ते पाहता पाहता घट्ट होते आणि लोखंडी नळ फोडते. दोघे बर्फगाडीवरून खाली सुटले, दोघे पायीच वर पळाले, आणि एकेका नळखांबाची, म्हणजे तोट्यांना पाणी देणाऱ्या उभ्या नळाची, निचऱ्याची तोंडे उघडत गेले. एक तोंड गंजून बसले होते. ते उघडेना. त्यावर त्यांनी हातोडी घातली, गरम पाणी ओतले, पण पाऊण तासात त्या फांद्याचा दोनशे फूट नळ गोठून गेला आणि त्या हंगामापुरता तो उतार कोरडाच राहिला. ते तोंड सप्टेंबरमध्ये उघडून, घासून, ग्रीस लावून ठेवायला दहा मिनिटे पुरली असती. मुकादमाने हे मला सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, दमणूक होती. उन्हाळ्यासाठी त्याने चार माणसे मागितली होती, त्याला एक मिळाला होता.

तरीही त्या आठवड्यातल्या तीन रात्रींत त्यांनी मोठे काम केले. पाण्याचा बहुतेक साठा त्यांनी शिखराच्या मुख्य उतारावर घातला, कारण डोंगराचे नाव त्या उतारावर चालते. शुक्रवारी संध्याकाळी तिथे बर्फाचे ढीग पाठीमागून पाहिलेल्या व्हेल माशांसारखे उभे होते, आणि ही माणसे त्यांना व्हेलच म्हणतात. पाणी निथळायला ते ढीग काही तास तसेच ठेवायचे, मग यंत्राने पसरायचे. शनिवारी सकाळी उतार पांढराशुभ्र, पट्ट्यापट्ट्यांचा तयार होता. आणि शनिवारी सकाळीच त्या उताराकडे नेणारी एकमेव लिफ्ट आमच्यासकट थांबली.

चेअरलिफ्ट हे यंत्र दिसते साधे आणि मुळात आहेही साधे. जहाजांवर केळ्यांचे घड चढवणाऱ्या फिरत्या आकड्यांची यंत्रणा ठाऊक असलेल्या जेम्स करन या पुलांच्या अभियंत्याने घडाच्या जागी खुर्ची बसवली आणि १९३६ मध्ये आयडाहोच्या सन व्हॅलीत जगातली पहिली चेअरलिफ्ट चालू झाली. आजही जुन्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये तेच आहे: दोन टोकांना दोन मोठी चाके, त्यांच्यावरून फिरणारा पोलादी दोर, दोराला कायमच्या पकडीने आवळलेल्या खुर्च्या, मध्ये खांबांवर रबर चढवलेल्या कप्प्या. मोटर गिअरबॉक्सला फिरवते, गिअरबॉक्स चाकाला. दोर मागे घसरू नये म्हणून ब्रेक एक नसतो. मोटरजवळचा वेगळा, मोठ्या चाकावरचा वेगळा आणि उलट फिरणे रोखणारा तिसरा. खांबाखांबावरून एक बारीक विजेची तार जाते आणि दोर कप्पीवरून सरकला तर एक ठिसूळ दांडी मोडून त्या तारेतला प्रवाह तुटतो. प्रवाह तुटला की लिफ्ट थांबते.

म्हणून लिफ्ट थांबली याचा मला राग नाही, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. थांबणे हेच तिचे शहाणपण आहे. २०१० च्या डिसेंबरात मेनमधल्या शुगरलोफला वाऱ्यात दोर खांबावरून उतरला आणि माणसे खुर्च्यांसकट खाली आली; २०१८ च्या मार्चमध्ये जॉर्जिया या देशातल्या गुदाउरीला लिफ्ट उलटी धावली आणि खालच्या वळणावर खुर्च्या एकमेकींवर आदळून चुरगळल्या, ते चित्रण पाहून मला दोन रात्री झोप आली नव्हती. ज्या यंत्राने शंका येताच जागच्या जागी उभे राहायचे ठरवले आहे, त्यावर मी माझ्या मुलीला निश्चिंत मनाने बसवीन.

राग आहे तो थांबण्याच्या कारणाचा. त्या दिवशी गिअरबॉक्सचे एक बेअरिंग तापले होते. दुपारी तेल काढून पाहिले तर त्यात धातूचा बारीक कीस चमकत होता. हा कीस नवा नव्हता. यांत्रिकाने मला सांगितले की आदल्या मे महिन्यात तेलाचा नमुना तपासला तेव्हाही तो सापडला होता आणि बेअरिंग बदलावे असे त्याने लिहून दिले होते. लिफ्ट चाळीस वर्षांपूर्वीची, बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालेला, त्यामुळे भाग मापे घेऊन करून घ्यावा लागतो आणि त्याला आठ-दहा आठवडे लागतात. मेमध्ये सांगितले असते तर भाग ऑगस्टात हाती आला असता. जानेवारीत सांगितल्यावर तो मार्चच्या अखेरीस आला. त्या उन्हाळ्यात पैसा नव्हता असेही नाही; उपाहारगृहासमोर मोठा लाकडी कट्टा झाला, तिकिटे आपोआप तपासणारी दारे बसली. कट्टा सुंदर आहे. फेब्रुवारीच्या शाळांच्या सुट्टीत त्या कट्ट्यावर बसून माणसे शिखरावरचा तो पांढराशुभ्र उतार खालून पाहत होती. लाखो लिटर पाणी, तीन रात्रींची वीज आणि त्या मुकादमाची झोप वर पसरलेली होती, आणि तिथे जायला वाट नव्हती. खालच्या दोन लहान लिफ्टांच्या उतारांवर मात्र बर्फ इतका विरळ होता की स्कीखाली खडे लागत.

एक गोष्ट मला या सगळ्याहून अधिक लागली. दुसऱ्या दिवसापासून फलकावर लिहिले गेले, "हवामानामुळे शिखराची लिफ्ट बंद." पुढचे दहा दिवस आभाळ निरभ्र होते आणि फलक तसाच होता. लोक दीड-दीड तास गाडी चालवून येत, तिकीट काढत आणि मग तिकीट देणाऱ्या शाळकरी मुलांवर ओरडत. बेअरिंग गेले आहे, भाग मागवला आहे, मार्चपर्यंत येणार नाही, असे चार शब्द लिहिले असते तर निम्मे लोक समजून घेऊन खालच्या उतारांवर आले असते आणि उरलेले निम्मे निदान पुढच्या वर्षी परत आले असते. बिघाड लपवला की लोक तो सुरक्षिततेचाही समजू लागतात. माझ्या ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांनी तेव्हापासून मुलांना तिथे पाठवणेच बंद केले, "लिफ्ट पडेल" म्हणून, आणि त्यांना ब्रेकांची आणि त्या बारीक तारेची कथा सांगून पटवणे मला अजून जमलेले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मी व्यवस्थापनाला दोन पानी पत्र लिहिले. त्यात पैसे परत मागितले नाहीत. फलकावर खरे कारण लिहा, मेमधला तेलाचा अहवाल मेमध्येच वाचा, आणि बर्फ करणाऱ्या पाळीतली निदान तीन माणसे उन्हाळाभर कामावर ठेवा, असे लिहिले. शेवटी असेही लिहिले की माणसे कमी पडत असतील तर पास असलेले आम्ही काही लोक शरदात शनिवारी येऊ. झडपा घासायला अभियंता लागत नाही. तीन आठवडे उत्तर आले नाही. मग मुकादमाचाच फोन आला. पत्र त्याच्या टेबलावर आले होते आणि त्याने एवढेच विचारले, खरेच येणार का.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दुसऱ्या शनिवारी आम्ही अकरा जण गेलो. मेपल लालभडक झाले होते आणि उतारावर गुडघाभर वाळके गवत होते. शिखराच्या लिफ्टवर यांत्रिक आणि त्याचा मदतनीस अकराव्या खांबावर चढून कप्प्यांचे संच उतरवत होते. खाली ताडपत्रीवर झिजलेली रबरी कडी एकावर एक रचलेली होती, आणि मुलीने त्यांतले फाटलेले कडे ओळखले. निदान तसे तिचे म्हणणे होते. यांत्रिकाने ते तिला देऊन टाकले. नवे बेअरिंग बसवून गिअरबॉक्स चार तास रिकामा चालवला आहे आणि तेल स्वच्छ आहे, असे त्याने मी न विचारताच सांगितले.

आम्हाला नळखांबांचे काम मिळाले. जानेवारीत फुटलेल्या फांद्याचा नळ नवा टाकलेला होता. मुकादम प्रत्येक खांबापाशी गुडघे टेकून निचऱ्याचे तोंड उघडायचा, आम्ही तारेच्या ब्रशने गंज काढायचो, मुलगी ग्रीस लावायची, आणि मग तो खाली तळ्यावरच्या माणसाला रेडिओवर पाणी सोडायला सांगायचा. आधी नळातून नुसती हवा फुसफुसायची, मग गंजाचे तांबडे पाणी यायचे आणि मग स्वच्छ. दुपारपर्यंत चौदा खांब झाले. पंधराव्याचे तोंड हलेना. मुकादमाने पाना बाजूला ठेवला, त्यावर तेल सोडले आणि म्हणाला, याला आज रात्रभर भिजू दे, उद्या बघू. बावीस अजून व्हायचे होते. आम्ही सोळाव्याकडे चढू लागलो.